भल्या माणसांचे पूर्वग्रह आणि बिंदुनामावली

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

आज आपल्याला एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे, पण खरं म्हणजे एका शब्दाबद्दल. पुस्तक आहे 'ब्लाइंडस्पॉट'. महझरीन बानाजी आणि अँथनी ग्रीनवाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी लिहिलेलं, २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं. आणि शब्द आहे 'इम्प्लिसिट बायस'. मराठीत कुणी त्याला अव्यक्त पूर्वग्रह म्हणतं, कुणी सुप्त पूर्वग्रह. आम्ही आज 'सुप्त' म्हणू, कारण त्यातून दावा नीट कळतो. पूर्वग्रह आहे, पण झोपलेला आहे. ज्याच्या मनात आहे त्यालाही त्याचा पत्ता नाही.

हा शब्द प्रयोगशाळेतून कधीच बाहेर पडला आहे. मोठ्या कंपन्यांत त्याची प्रशिक्षणं होतात, एक दिवसाची, चहा-जेवणासकट. विषमतेबद्दल बोलायचं म्हटलं की हल्ली पुष्कळ ठिकाणी हाच शब्द आधी पुढे येतो. म्हणून तो तपासून घ्यायला हवा. विषमता मनातून जगात येते, की जगातून मनात जाते? आणि हा शब्द वापरल्याने आपल्याला काय दिसतं, काय दिसेनासं होतं? एवढेच दोन प्रश्न आहेत.

पुस्तकाचं उपशीर्षकच बोलकं आहे. भल्या माणसांचे दडलेले पूर्वग्रह, असा त्याचा अर्थ. आता भली माणसं आणि अमेरिका म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला जोतीराव आठवणारच. १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं तेव्हा जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केलं. त्या लोकांचं भलेपण कशात होतं? त्यांनी कायद्याने चालणारी एक व्यवस्था मोडायला मदत केली, त्यात होतं. 'ब्लाइंडस्पॉट'मधल्या भल्या माणसाकडून अशी काही अपेक्षा नाही. त्याने आपल्या मनात डोकवायचं आहे. दीडशे वर्षांत भलेपणाची व्याख्या किती आखूड झाली, असं आम्हाला वाटून गेलं. असो.

आधी पुस्तकाला न्याय देऊ. बानाजी सिकंदराबादला लहानाच्या मोठ्या झाल्या, नंतर अमेरिकेत गेल्या. ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक चाचणी मांडली, 'इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट', थोडक्यात आयएटी. ती अशी. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक गोरे आणि कृष्णवर्णीय चेहरे येतात, मधून मधून चांगल्या आणि वाईट अर्थाचे शब्द येतात. पहिल्या फेरीत गोरा चेहरा किंवा चांगला शब्द आला की डावं बटण, कृष्णवर्णीय चेहरा किंवा वाईट शब्द आला की उजवं. दुसऱ्या फेरीत जोड्या उलट. आता कृष्णवर्णीय चेहरा आणि चांगला शब्द एकाच बटणावर. बहुतेकांचा हात या दुसऱ्या फेरीत अडखळतो. किती अडखळतो ते मिलिसेकंदांत मोजायचं, आणि तो फरक म्हणजे तुमचा सुप्त कल. लेखकांच्या म्हणण्याप्रमाणे चाचणी देणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांचा हात गोऱ्यांच्या बाजूने झुकतो. यात स्वतःला समतावादी म्हणवणारे भरपूर आहेत.

ही चाचणी हुशारीची आहे, यात शंका नाही. माणसाला 'तू भेदभाव करतोस का' असं विचारलं तर तो 'नाही' म्हणतो. हाताला विचारलं तर हात जरा वेळ घेतो. हे दाखवून देणं हे काम मोठंच आहे.

पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट मात्र चाचणीची नाही, एका रुग्णालयातली आहे. एका तरुणीचा हात काचेने कापतो. तिला गोधडीकामाचा, म्हणजे क्विल्टिंगचा नाद आहे. तिचा मित्र डॉक्टरांना कळवळून सांगतो, हिचा हात वाचवा, हिला शिवता आलं पाहिजे. डॉक्टर धीर देतात आणि टाके घालायच्या तयारीला लागतात. तेवढ्यात तिथे काम करणारा एक विद्यार्थी तिला ओळखतो आणि 'प्रोफेसर' म्हणून हाक मारतो. ती येल विद्यापीठात शिकवते हे कळल्याबरोबर चक्रं फिरतात, हाताच्या शस्त्रक्रियेतले नामांकित तज्ज्ञ बोलावले जातात, आणि बोटं पूर्ववत चालू लागतील अशी शस्त्रक्रिया होते.

लेखकांनी यातून काढलेला मुद्दा मार्मिक आहे. इथे कुणी कुणाला इजा केली नाही. गोधडी शिवणारीला वाईट वागवलं नाही, टाके घातलेच असते. फक्त प्राध्यापिकेला जास्त मदत केली. भेदभाव असा मदतीच्या रूपाने होतो तेव्हा त्याची तक्रार कुठेच नोंदवली जात नाही, कारण ज्याला मिळालं नाही त्याला काय मिळालं नाही हेच कळत नाही. आपल्याकडे 'आपला माणूस आहे, जरा बघा' या एका वाक्यावर किती कामं होतात ते आठवा. त्या वाक्यात कुणाचाच द्वेष नसतो.

पण इथेच आमचं लेखकांशी बिनसतं. ते पुन्हा डॉक्टरच्या मनाकडे वळतात. आम्हाला विचारायचं आहे की त्या रुग्णालयात एकाच जखमेवर दोन प्रकारचे उपचार उपलब्ध का होते, आणि कुणाला कोणता द्यायचा हे एका माणसाच्या मर्जीवर का सोडलं होतं? डॉक्टरच्या मनात काहीही असो, 'अशी जखम आली की हाताचे तज्ज्ञ बघतील' असा नियम असता तर गोधडी शिवणारीची बोटंही वाचली असती. पुस्तकात हा प्रश्न येतच नाही असं नाही. शेवटाकडे लेखक सांगतात की मन धुऊन काढण्यापेक्षा मनाला वावच राहणार नाही अशी व्यवस्था करा. पण तो सल्ला कोपऱ्यात पडून राहिला, आणि जगाने उचललं ते आत्मपरीक्षण.

आता चाचणीबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तोच माणूस काही दिवसांनी पुन्हा चाचणीला बसला की त्याचे गुण बरेच बदलू शकतात. २०१५ साली ग्रीनवाल्ड, बानाजी आणि ब्रायन नोसेक यांनी स्वतःच लिहिलं की अमुक माणूस भेदभाव करेल की नाही हे ठरवायला ही चाचणी वापरणं अडचणीचं आहे. दोन, २०१९ साली पॅट्रिक फोर्शर आणि सहकाऱ्यांनी ४९२ अभ्यास एकत्र करून पाहिले, सत्त्याऐंशी हजारांवर लोकांचे. चाचणीतले गुण निरनिराळ्या उपायांनी थोडेफार हलवता येतात. पण गुण हलल्यामुळे वागणूक हलते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणजे प्रशिक्षणाच्या दिवशी संध्याकाळी हात जरा कमी अडखळला, तरी सोमवारी अर्ज चाळताना काय होईल याबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही.

लेखकांचा बचाव असा की परिणाम लहान असला तरी तो कोट्यवधी प्रसंगांत घडतो, म्हणून एकूण मोठा होतो. थेंबे थेंबे तळे साचे. हे आम्हाला तत्त्वतः मान्य आहे. पण तळं साचायला आधी खड्डा लागतो. माळावर कितीही थेंब पडले तरी तळं होत नाही. तो खड्डा कुणी खणला?

याचं एक उत्तर याच क्षेत्रातल्या लोकांनी दिलं आहे, आणि आमच्या मते या विषयावरचं ते सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. कीथ पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक कोडं पुढे ठेवलं. एका माणसाचे गुण आज एक, उद्या दुसरे. पण एका गावाची, एका राज्याची सरासरी घेतली की ती मात्र वर्षानुवर्षं जागची हलत नाही. असं का? जर पूर्वग्रह माणसाच्या आत रुतून बसला असता तर माणसाचे गुण स्थिर राहायला हवे होते. स्थिर आहे ती जागा. मग २०१९ साली त्यांनी अमेरिकेच्या नकाशावर दोन आकडे शेजारी ठेवले. पहिला, १८६० च्या जनगणनेतला, म्हणजे यादवी युद्धाच्या अगदी आधीचा: कोणत्या काउंटीत लोकसंख्येपैकी किती माणसं गुलाम होती. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. दुसरा आकडा आजचा: त्या त्या काउंटीतल्या लोकांचे आयएटीचे गुण. जिथे १८६० साली गुलामांचं प्रमाण जास्त, तिथे आजच्या गोऱ्या रहिवाशांचा गोऱ्यांकडचा सुप्त कल जास्त. तिथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांचा मात्र कमी.

दीडशे वर्षांत चार-पाच पिढ्या झाल्या. गुलामांचे मालक गेले, गुलाम गेले, कितीतरी लोक बाहेरून येऊन तिथे राहिले. मग हा कल एवढा प्रवास कशाच्या पाठीवर बसून आला? पेन यांच्या अभ्यासात त्याचाही माग आहे. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या किती वेगळ्या, गरिबीत किती अंतर, गरीब घरातलं मूल वर चढण्याची शक्यता किती, या गोष्टींतून तो आला. तिथे राहणारा माणूस रोज बघतो की कुठली वस्ती मोडकी आणि कुठली टुमदार, कचरा कोण उचलतो आणि बँकेत कोण बसतो. त्याला कुणी शिकवावं लागत नाही. हात अडखळतो तो जे रोज दिसतं त्यामुळे. म्हणून आम्ही म्हणतो, ही चाचणी माणसाचं मन कमी आणि त्याचा जिल्हा जास्त मोजते.

आता घरी येऊ. कारण हा शब्द आपल्याकडे आला तो दुसऱ्या देशाच्या इतिहासातून, आणि येताना त्याच्याबरोबर एक गृहीतक आलं. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर उघड भेद करणं हळूहळू लाजिरवाणं झालं. मग शास्त्रज्ञांपुढे प्रश्न आला की उघड भेद कमी झाला तरी विषमता का राहते. त्याचं एक उत्तर म्हणून सुप्त पूर्वग्रह पुढे आला. आपल्याकडे उघड भेद तसा ओसरला आहे का? २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात लोकांना सरळ विचारलं होतं की तुमच्या घरात अस्पृश्यता पाळली जाते का. देशभरातल्या सुमारे २७ टक्के घरांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात 'हो' म्हटलं. मध्य प्रदेशात ५३ टक्के. सर्वेक्षकाच्या तोंडावर! यात सुप्त काय आहे?

महाराष्ट्रात हा आकडा होता ४ टक्के. (हशा) हसू नका, त्यात थोडं खरंही असेल. फुले, शाहू, आंबेडकरांच्या चळवळींनी या प्रांतात काहीच बदललं नाही असं कोण म्हणेल? पण निदान एवढं नक्की बदललं की काय उत्तर द्यायचं ते आपल्याला कळलं. आणि इथे आम्हाला एक फरक करावासा वाटतो. एक असतो न कळलेला पूर्वग्रह, आणि एक असतो न बोललेला. इंग्रजीतल्या त्या एका शब्दाच्या पोटात दोन्ही जातात, आणि मग न बोललेल्याला न कळलेल्याची सवलत मिळते.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेले, कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी निवासात पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. आज भाड्याने घर बघायला गेलेल्या माणसापुढे काठी येत नाही. एजंट फोनवर विचारतो, 'नाव काय म्हणालात? पूर्ण नाव?' आडनाव सांगितलं की तो म्हणतो, 'थांबा, मालकांना विचारतो.' मग फोन येत नाही. आपण लावला तर 'ती जागा गेली हो.' आता सांगा, यात कुणाला काय नकळत झालं? मालकाला माहीत आहे, एजंटाला माहीत आहे, आणि फोन ठेवणाऱ्याला तर पक्कं माहीत आहे.

नोकरीचं तसंच. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, आपल्या अमरावतीकडचे, आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. त्यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नावं वेगळी: उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. अर्जावर जात कुठेही लिहिलेली नव्हती. संख्याशास्त्रात ज्याला ऑड्स म्हणतात त्या मापाने, उच्चवर्णीय नावाला १ धरलं तर पुढच्या टप्प्याला बोलावणं येण्याचं प्रमाण दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघालं.

अर्ज चाळणाऱ्याच्या मनात काय होतं, हे या आकड्यांतून कळत नाही. कदाचित खरोखरच त्याचा हात नकळत पुढच्या अर्जाकडे गेला असेल. पण त्याच सुमाराला सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. जात आम्ही बघत नाही, फक्त गुणवत्ता, असं ते सांगत होते. आणि त्याच दमात सांगत होते की उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' आम्ही विचारतो, वडील काय करतात, घरातलं वातावरण कसं आहे, कुठून आलेला आहे. हे ते लपवत नव्हते, उलट चांगली निवड कशी करावी याचं कौशल्य म्हणून सांगत होते. आता ही बॅकग्राउंड आपल्या देशात कशाने ठरते, ते इथे बसलेल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. इथे पूर्वग्रह अधिकाऱ्याच्या मेंदूत शोधत बसायचं कारण नाही. तो मुलाखतीच्या फॉर्मवर तिसऱ्या-चौथ्या रकान्यात छापलेला असतो.

मग सुप्त पूर्वग्रह नावाची गोष्टच नाही का? आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतातल्या एका शहरात मुलांची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांवर जात यदृच्छेने टाकली, म्हणजे कुठल्याही पेपरवर कुठलीही जात. २०१२ साली निष्कर्ष छापून आले. ज्या पेपरवर खालची मानलेली जात लिहिली होती त्याला थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता. चटका लावणारी गोष्ट पुढे आहे: हा फरक मुख्यतः त्याच थरातून आलेल्या तपासनिसांच्या हातून झाला होता. त्याचा एकच एक अर्थ लावण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. पण 'सवर्णांच्या मनातला रोग' एवढ्या सोप्या व्याख्येत हे बसत नाही, आणि 'बघा, तेच तर करतात' असं म्हणून हात झटकणाऱ्यांचं तर अजिबातच काही सिद्ध होत नाही. ज्या समाजात गुण कुणाचे आणि कष्ट कुणाचे हे शेकडो वर्षं ठरलेलं आहे, तिथे सगळेच एकाच विहिरीचं पाणी पितात. आणि या प्रकरणात उपाय तर हाताशी आहे: पेपरावरचं नाव झाकायचं. तपासनिसाचं हृदयपरिवर्तन होईपर्यंत थांबायचं कारण नाही.

आता उपायांचंच बघू. १२ एप्रिल २०१८ रोजी फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या एका दुकानात दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट बघत बसले होते. काही मागवलं नव्हतं. व्यवस्थापकाने पोलिसांना फोन केला, बेड्या पडल्या, चित्रफीत जगभर गेली. कंपनीने २९ मे च्या दुपारी अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं बंद ठेवून सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहाबद्दल प्रशिक्षण दिलं. हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण त्याच महिन्यात, प्रशिक्षणाच्या काही दिवस आधी, कंपनीने एक साधा नियमही बदलला होता: काही विकत न घेताही दुकानात बसता येईल. आमच्या लेखी खरी गोष्ट ही होती. आधी 'बसू द्यायचं की नाही' हे त्या त्या व्यवस्थापकावर होतं, आता त्याच्या हातात ते उरलं नाही. आणि २०२५ च्या जानेवारीत कंपनीने तो नियम मागे घेतला. प्रशिक्षण ही बातमी होती. नियम मागे घेतला गेला तेव्हा पूर्वग्रहाची चर्चा फारशी कुणी केली नाही, बोलणं झालं ते स्वच्छतागृहं आणि सुरक्षिततेबद्दल.

अजून एक अभ्यास सांगतो आणि मग थांबू. पॅट्रिक क्लाइन, इव्हान रोझ आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी अमेरिकेतल्या १०८ बड्या कंपन्यांना सुमारे ८३,००० बनावट अर्ज पाठवले. २०२२ साली निष्कर्ष आले. पूर्वग्रह जर सगळ्यांच्याच मनात सारखा पसरलेला असता तर भेदभावही सगळ्या कंपन्यांत साधारण सारखा दिसायला हवा होता. तसं झालं नाही. एकूण भेदभावापैकी जवळपास निम्मा भेदभाव एक पंचमांश कंपन्यांत साठलेला होता. आणि जिथे भरतीचं काम मध्यवर्ती विभागाकडे होतं, ठरलेल्या पद्धतीने चालत होतं, तिथे तो कमी होता. तीच माणसं, तोच देश, तोच इतिहास. फरक पडला तो कुणाला किती मोकळीक आहे याने.

आपल्याकडे मोकळीक कमी करणारी एक जुनी, कंटाळवाणी वही आहे. बिंदुनामावली. सरकारी नोकरीतल्या लोकांना शब्द सांगायला नको. कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची, कोण भरलं, कधी भरलं, अनुशेष किती, सगळं ओळीने. ही वही कुणाच्या मनात काय आहे हे विचारत नाही. तिच्यावर कुणी सुंदर भाषण देत नाही, तिचं एक दिवसाचं प्रशिक्षण पंचतारांकित हॉटेलात होत नाही. खासगी कंपन्यांत ती नाही. आणि जिथे आहे तिथेही तिला बगल द्यायच्या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत. जागा भरायचीच नाही, तासिका तत्त्वावर माणसं घ्यायची. किंवा मुलाखत घ्यायची, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: 'योग्य उमेदवार मिळाला नाही.'

विद्यापीठांतल्या राखीव जागांवर हा शेरा इतका पडतो की इंग्रजीत त्याचं लघुरूप रूढ झालंय, एनएफएस. आम्हाला सुप्त पूर्वग्रहावर आणखी एक पुस्तक वाचण्याआधी त्या शेऱ्यामागचे मुलाखतीचे गुणतक्ते वाचायचे आहेत. पदवीत किती गुण होते, संशोधनाला किती दिले, आणि समोरासमोर बसल्यावर किती दिले. तुमच्यापैकी काही जण अशा निवड समित्यांवर बसलेले आहेत, हे आम्हाला माहीत आहे. प्रश्नोत्तरात आधी तुम्ही बोला, बाकीचे नंतर.